‘पाठवायचं’ की ‘पाठवल्याचं’? ‘रिमेंबर’ने केलेला घोटाळा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे, आता नोकरीत सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागतो. साहेबांनी मेलवर विचारलं, ‘ती फाइल ग्राहकाला गेली का?’ फाइल पाठवल्याचं नक्की आठवत नव्हतं, म्हणून उत्तर दिलं, ‘आय डिडन्ट रिमेंबर टू सेंड द फाइल.’ त्यावर साहेबांनी लिहिलं, ‘म्हणजे विसरलात. पुन्हा असं होऊ देऊ नका.’ प्रत्यक्षात फाइल वेळेवर गेलेली होती. पुढे काही दिवसांनी नोकरी सोडून गेलेल्या मैत्रिणीला ‘आय रिमेंबर यू अ लॉट’ असा निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘अर्थात, मीही तुला विसरलेले नाही,’ आणि बोलणं तिथेच संपलं. आता हा शब्द लिहायचा म्हटलं की हात अडखळतो. एक मित्र म्हणतो, मराठीत विचार करणं सोड, म्हणजे इंग्रजी सुधारेल. ‘रिमेंबर’ची तयार वाक्यं पाठ करावीत, की हा शब्दच टाळावा? आणि साहेबांना आता खुलासा करावा का?

उत्तर:

तुमच्या दोन्ही फजित्या एकाच शब्दाच्या नावावर जमा झाल्या आहेत, पण त्यांची कारणं उलटी आहेत. फाइलच्या वाक्यात तुम्ही मराठीचं ऐकलं नाहीत म्हणून घसरलात; मैत्रिणीच्या निरोपात मराठीचं फारच ऐकलंत म्हणून. त्यामुळे मित्राचा सल्ला सरसकट मानू नका. या शब्दाच्या बाबतीत तुमची मराठी अर्ध्या वाटेपर्यंत उत्तम सोबत करते, पुढच्या अर्ध्या वाटेवर चकवते. कुठून सावध व्हायचं एवढं कळलं की पुरे. आणि माध्यमाचं ओझंही उतरवून ठेवा. ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग हिज नेम’ हे वाक्य पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या तोंडीही सर्रास असतं.

आधी फाइल.

‘रिमेंबर’च्या पुढे दुसरं क्रियापद आलं तर ते दोन रूपांत येऊ शकतं: ‘टू सेंड’ किंवा ‘सेंडिंग’. ‘लाइक’ किंवा ‘स्टार्ट’च्या पुढे यातलं कुठलंही रूप ठेवलं तरी अर्थाला फारसा धक्का लागत नाही, म्हणून इथेही तसंच असेल असा समज होतो. पण ‘रिमेंबर’ त्या पंगतीत बसत नाही. ‘आय रिमेंबर्ड टू सेंड द फाइल’ म्हणजे फाइल पाठवायची आहे हे वेळेवर आठवलं आणि पाठवली. आधी आठवण, मग कृती. ‘आय रिमेंबर सेंडिंग द फाइल’ म्हणजे फाइल कधीतरी आधीच पाठवली आणि तो प्रसंग आत्ता डोक्यात आहे. आधी कृती, मग आठवण.

आता हीच दोन वाक्यं मराठीत म्हणून पाहा. ‘फाइल पाठवायचं आठवलं.’ ‘फाइल पाठवल्याचं आठवतं.’ यातला फरक तुम्हाला कुणी शिकवलेला नाही, तो कानातच आहे. ‘-आयचं’ म्हणजे अजून करायचं काम, ‘-ल्याचं’ म्हणजे झालेलं काम. इंग्रजीत ‘-आयचं’च्या जागी ‘टू’ येतो आणि ‘-ल्याचं’च्या जागी आयएनजी. तुम्ही प्रश्नात स्वतःच लिहिलं आहे, ‘पाठवल्याचं नक्की आठवत नव्हतं’. मराठी वाक्य बिनचूक होतं. इंग्रजीत उतरताना ‘-ल्याचं’ वाटेत गळून पडलं आणि ‘टू’ आत शिरला, कारण दोन क्रियापदं जोडायची म्हटली की आपला हात सवयीने ‘टू’कडेच जातो.

घरातल्या वाक्यांवर हे पडताळून पाहा. ‘गोळी घ्यायचं लक्षात ठेव’: रिमेंबर टू टेक द पिल. ‘गोळी घेतल्याचं आठवतंय का?’: डू यू रिमेंबर टेकिंग द पिल? दुसऱ्या प्रश्नात चुकून ‘टू’ आला तर ‘तुला रोज गोळी घ्यायचं लक्षात राहतं का?’ असा निराळाच प्रश्न तयार होतो आणि उत्तरही निराळंच मिळतं. गोळी दुसऱ्यांदा घ्यायची की नाही हे त्या उत्तरावर ठरत असेल, तर हा नुसता व्याकरणाचा किस राहत नाही.

नकारार्थी वाक्यात तर दरी आणखी रुंद होते. ‘डिडन्ट रिमेंबर टू सेंड’ म्हणजे काम झालंच नाही, आणि ते तुमच्या विसरण्यामुळे झालं नाही. ही कबुली आहे. साहेबांनी वाक्य अगदी बरोबर वाचलं, त्यांना दोष देता येणार नाही. ‘डोन्ट रिमेंबर सेंडिंग’ म्हणजे पाठवल्याचं आठवत नाही. गेली असेल किंवा नसेलही.

तुमच्या वाक्यात आणखी एक चूक आहे, ती काळाची. फाइलचा प्रसंग कालचा असला तरी न आठवणं आत्ताचं आहे, म्हणून ‘डोन्ट’ हवं होतं. ‘आय डिडन्ट रिमेंबर सेंडिंग इट’ म्हटलं तर ‘तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं नव्हतं, आता आठवलं आहे’ असा सूर निघतो. इथे एक बारीक गोष्ट कार्यालयात उपयोगी पडेल. ‘आय डोन्ट रिमेंबर सेंडिंग इट’ हे वाक्य व्याकरणात बरोबर असलं तरी ऐकणाऱ्याला ते थोडं ‘बहुधा पाठवली नसावी’कडे झुकलेलं वाटतं. खरोखर माहीत नसेल तर ‘आय डोन्ट रिमेंबर वेदर आय सेंट इट’ जास्त प्रामाणिक. मराठीतही ‘पाठवल्याचं आठवत नाही’ आणि ‘पाठवली की नाही ते आठवत नाही’ ही दोन वाक्यं एका वजनाची नाहीत.

कृती दुसऱ्याने केली असेल तर त्या माणसाला मधे बसवायचं: ‘तो म्हणाल्याचं आठवतं’, आय रिमेंबर हिम सेइंग दॅट. ‘आय रिमेंबर दॅट ही सेड दॅट’ असंही चालतं. फरक एवढाच की पहिल्यात त्याला बोलताना ऐकल्याचा प्रसंग डोळ्यांपुढे आहे, दुसऱ्यात तो तसं म्हणाला ही माहिती लक्षात आहे.

ही मराठी किल्ली सगळीकडे चालत नाही, तेही सांगतो. ‘विसरणे’शी ‘-आयला’ जोडलं जातं: ‘पाठवायला विसरलो’, आय फर्गॉट टू सेंड. इथवर ठीक. पण ‘पाठवलेलं विसरलो’साठी ‘फर्गॉट सेंडिंग’ लिहायला जाऊ नका, ते कानाला अवघडलेलं वाटतं. ‘आय फर्गॉट दॅट आय हॅड सेंट इट’ लिहा. ‘फर्गेट’नंतर आयएनजी शोभतं ते मुख्यतः ‘नेव्हर’च्या सोबतीने: ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग हिम देअर.’ आणि ‘छत्री घरी विसरलो’ म्हणताना जागा सांगायची असेल तर ‘फर्गेट’ बाजूला ठेवा. ‘आय लेफ्ट माय अंब्रेला ॲट होम.’ नुसतं ‘आय फर्गॉट माय अंब्रेला’ चालतं, ‘ॲट होम’ जोडलं की ‘लेफ्ट’ लागतं.

आता मैत्रीण.

‘मला तुझी खूप आठवण येते’ या वाक्यात स्मरणशक्तीचा काही संबंध आहे का? ती तुम्हाला आठवते की नाही हा मुद्दाच नाही; ती इथे नाही याचं वाईट वाटतं आहे. इंग्रजीत त्यासाठी क्रियापद वेगळं आहे: ‘आय मिस यू.’ ‘आय रिमेंबर यू’ म्हणजे तू कोण आहेस हे मी विसरलेलो नाही, तुझी ओळख माझ्या लक्षात आहे. बऱ्याच संकेतस्थळांवर लॉग-इन करताना ‘रिमेंबर मी’ अशी चौकट असते. तिच्यावर खूण केली म्हणून ते संकेतस्थळ तुमच्यासाठी झुरत नाही, पुढच्या वेळी तुम्हाला ओळखतं. तुमच्या मैत्रिणीने त्याच अर्थाने वाचलं आणि सभ्य उत्तर दिलं.

गोम अशी की मराठीत ‘आठवण’ हे नाम फार कामाचं आहे आणि त्याच्यापुढे कुठलं क्रियापद येतं त्यावर अर्थ पालटतो. इंग्रजीत जाताना म्हणूनच ‘आठवण’ या शब्दाकडे पाहू नका, पुढच्या क्रियापदाकडे पाहा. आठवण ‘येते’ तेव्हा माणसासाठी ‘मिस’. आठवण ‘झाली’, म्हणजे काहीतरी पाहून तुम्ही मनात आलात, तेव्हा ‘आय थॉट ऑफ यू’. ‘आई तुझी आठवण काढत होती’ याचं ‘मदर वॉज रिमेंबरिंग यू’ केलं तर आई स्मृतिदिन पाळत होती असं काहीसं वाटेल, कारण गेलेल्या माणसाचं स्मरण करणं हाही ‘रिमेंबर’चा एक अर्थ आहे. तिथे ‘शी वॉज आस्किंग अबाउट यू’ किंवा ‘शी वॉज टॉकिंग अबाउट यू’ म्हणा. आठवण ‘ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर’ किंवा ‘कीप इन माइंड’. आणि ‘आठवणीने फोन कर’ या गोड प्रयोगाला सगळ्यात जवळचं इंग्रजी ‘डोन्ट फर्गेट टू कॉल’. ‘रिमेंबर टू कॉल’ही बरोबरच, पण ते थोडं सूचनाफलकासारखं वाटतं.

आठवण ‘करून देणे’ मात्र स्वतंत्र हिशोबात ठेवा, कारण कार्यालयात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘आय वुड लाइक टू रिमेंबर यू दॅट द पेमेंट इज पेंडिंग’ अशी वाक्यं मेलमध्ये पुन्हापुन्हा दिसतात. आठवणारा तो ‘रिमेंबर’ करतो, दुसऱ्याला आठवण करून देणारा ‘रिमाइंड’ करतो. ‘रिमाइंड’ला कर्म लागतंच: कुणाला? ‘प्लीज रिमाइंड अबाउट द मीटिंग’ हे अर्धवट वाक्य आहे, ‘रिमाइंड मी’ किंवा ‘रिमाइंड देम’ हवं. पुढे काय येतं तेही ठरलेलं आहे. काम करायला सांगायचं तर ‘टू’: रिमाइंड मी टू कॉल हर. विषयाची आठवण द्यायची तर ‘अबाउट’: रिमाइंड मी अबाउट द मीटिंग. आणि ‘ऑफ’ आला की बहुतेक वेळा साम्य: ‘यू रिमाइंड मी ऑफ माय ब्रदर’, तुला पाहून मला माझा भाऊ आठवतो. ‘यू रिमाइंड मी अबाउट माय ब्रदर’ म्हटलंत तर भावासंबंधी काही काम राहिलं आहे असं समजेल. ‘ऑफ’ हा ‘रिमाइंड’चा सोबती आहे, ‘रिमेंबर’चा नाही; ‘आय रिमेंबर ऑफ यू’ हे कुठेच बसत नाही.

‘लक्षात’चंही असंच आहे, थोडक्यात सांगतो. लक्षात ठेवणे, लक्षात असणे हे ‘रिमेंबर’. पण लक्षात येणे म्हणजे ‘रिअलाइज’ किंवा ‘नोटिस’. ‘पाकीट नाही हे बसमध्ये लक्षात आलं’ याचं ‘रिमेंबर्ड’ होत नाही. पाकीट घरी राहिलंय हे आठवलं असेल तर ‘रिमेंबर्ड’, खिसा चाचपला आणि कळलं असेल तर ‘रिअलाइज्ड’.

दोन चुका तुम्ही केलेल्या नाहीत, पण मराठी बोलणारा प्रत्येकजण कधी ना कधी करतो, म्हणून इतर वाचकांसाठी त्याही घेतो. पहिली, वर आलेलं ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’. ती येते ‘आठवत नाहीये’मधून. ‘नाहीये’ ऐकलं की आपण चालू वर्तमानकाळ लावतो. इंग्रजीत ‘रिमेंबर’ ही करण्याची क्रिया न मानता मनाची स्थिती मानतात, ‘नो’ आणि ‘बिलीव्ह’सारखी; म्हणून साधा वर्तमानकाळ. ‘नाव आठवत नाहीये’, म्हणजे आठवायचा प्रयत्न चालला आहे, याला ‘आय कान्ट रिमेंबर हिज नेम’ चपखल बसतं. ‘आय डोन्ट रिमेंबर’ही चालतं, त्यात प्रयत्नाची छटा कमी. ‘इफ आय ॲम रिमेंबरिंग करेक्टली’ असं इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही म्हणतात, मग तिथे कसं चालतं, असं कुणी विचारेल. तिथे बोलणारा आठवणीची जुळवाजुळव करतो आहे, स्थिती सांगत नाही. मेलमध्ये ‘इफ आय रिमेंबर करेक्टली’ लिहा, कुणी बोट ठेवणार नाही.

दुसरी चूक मला जास्त गमतीची वाटते. खूप वेळ डोकं खाजवून नाव आठवलं की मराठी माणूस ओरडतो, ‘आठवलं!’ भूतकाळ. त्याचं ‘आय रिमेंबर्ड!’ केलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत बसतो. त्या क्षणी इंग्रजीत वर्तमानकाळ येतो: ‘आय रिमेंबर नाउ!’ किंवा, ब्रिटिश पद्धतीने, ‘आय हॅव जस्ट रिमेंबर्ड’. अमेरिकेत ‘आय जस्ट रिमेंबर्ड’ही सहज म्हणतात. ‘समजलं’, ‘कळलं’, ‘आठवलं’ या आपल्या भूतकाळी शब्दांत आत्ताचीच स्थिती असते, हे ध्यानात असलं की ‘आय अंडरस्टूड’च्या जागी ‘आय अंडरस्टँड’ का म्हणतात तेही सुटतं.

आता तुमचे पर्याय.

वाक्यं पाठ करण्याबद्दल: करा, पण दुसऱ्यांची नकोत. यादीतलं वाक्य तुमच्या प्रसंगाला क्वचितच जसंच्या तसं बसतं, आणि बसवताना तुम्ही बदल करता तो नेमका क्रियापदाच्या पुढच्या शब्दात, म्हणजे जिथे जोखीम आहे तिथेच. (जाता जाता, पाठ करणे म्हणजे ‘मेमराइज’ किंवा ‘लर्न बाय हार्ट’. ‘आय बायहार्टेड इट’ हे आपल्याकडेच चालतं.) त्याऐवजी तुमच्या मेलच्या ‘सेंट’ कप्प्यात ‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’ हे शब्द शोधा. जी वाक्यं सापडतील ती एकेक मराठीत म्हणा. ‘-आयचं’ आलं आणि इंग्रजीत ‘टू’ आहे का? ‘-ल्याचं’ आलं आणि आयएनजी आहे का? ‘आठवण’ आली तर तिच्यापुढचं क्रियापद कोणतं? ‘रिमाइंड’ असेल तर कुणाला ते लिहिलंय का? चुकलेली वाक्यं दुरुस्त करून तीच पाठ करा. ती तुमच्या कामाची असल्यामुळे पुन्हा लागणारच.

शब्द टाळण्याबद्दल: बोलताना टाळू नका, त्यात काही साधणार नाही. काही जण ‘रिमेंबर’ची धास्ती घेऊन सगळीकडे ‘रिकॉल’ घालतात. त्याचा फायदा असा की ‘रिकॉल’नंतर ‘टू’ येतच नाही, ‘आय डोन्ट रिकॉल सेंडिंग इट’ एवढंच रूप शक्य आहे, म्हणजे तुमची फाइलवाली चूक होणार नाही. तोटा असा की तो शब्द औपचारिक आहे, आणि ‘आय डोन्ट रिकॉल’ला साक्षीदाराच्या जबाबाचा वास येतो. जेवणाच्या सुट्टीत तो विचित्र वाटेल. हां, ‘ॲज यू मे रिकॉल’ ही ग्राहकाला जुन्या बोलण्याचा संदर्भ देण्याची सुरुवात मात्र चांगली आहे. ‘यू फर्गॉट’ न म्हणता तेच सांगते.

कामाच्या मेलमध्ये मात्र मी एका बाबतीत ‘टाळा’ असंच म्हणेन. काम झालं का, असं कुणी लेखी विचारलं तर आपल्या स्मरणशक्तीचा अहवाल देऊच नका. तिथे ‘रिमेंबर’, ‘रिकॉल’, ‘फर्गेट’ यांतलं काहीच नको. ‘लेट मी चेक अँड कन्फर्म’ लिहा, ‘सेंट’ कप्पा पाहा, मग तारीख आणि वेळेसह उत्तर द्या. विचारणाऱ्याला फाइल हवी असते.

मैत्रिणीला पुन्हा निरोप पाठवा, शब्दाची गंमत सांगूनच: ‘आय मेंट आय मिस यू.’ ती हसेल.

आणि साहेब. खुलासा करा, पण दोन वाक्यांत, इंग्रजीच्या चुकीवर परिच्छेद न लिहिता. मूळ मेललाच उत्तर म्हणून, पाठवलेल्या फाइलचा मेल खाली जोडून: ‘टू क्लॅरिफाय, द फाइल वॉज सेंट ऑन टाइम, प्लीज सी बिलो. आय मेंट दॅट आय कुडन्ट रिमेंबर सेंडिंग इट व्हेन यू आस्क्ड.’ इथे ‘कुडन्ट’ भूतकाळात आहे ते योग्यच, कारण न आठवणं त्या वेळचं होतं. तारीख दिसेल अशी जोडणी केलीत तर दुसरं वाक्य गाळलं तरी चालेल.